टीव्हीचं बटण बंद करू नकोस

शोभा,

मंडईतून आलीस की सवयीनं टीव्हीचं बटण बंद करू नकोस. त्याच बटणावर चालणाऱ्या, मागे ठेवलेल्या त्या पत्त्यांच्या जोडाएवढ्या कॉम्प्युटरवर दुपारी नगरच्या केबलवरचं तुझं गाणं आपोआप रेकॉर्ड होणार आहे. काल बातम्या रेकॉर्ड करून पाहिल्या, नीट जमलं. घरी थांबलो तर सारखं तपासत बसेन आणि चालतंय तेच बिघडवीन, म्हणून वाचनालयात जातो.

"अंतऱ्यात सूर गेलाय, मला नाही बघायचं," म्हणालीस. नको बघूस. पण तू पहिल्यांदा टीव्हीवर गातेयस, ते मला जपून ठेवायचंय. संध्याकाळी आवाज बारीक करून मी एकटा ऐकीन. स्वयंपाकघराचं दार हवं तर लोटून घे, कडी मात्र लावू नकोस.

शामकांत