बाहेरच्या अंगाची गाठ

सांगली,
१९ जानेवारी २०२५

अब्बा,

सलाम. अम्मीचा गुडघा आता बरा असेल. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन तिच्याकडे देता, म्हणून लिहितेय. स्वतःच वाचा.

इथं रुग्णवाहिकेवर काम करायला शिकणारी नवी तुकडी आलीय. पोरं पुतळ्याची छाती जोरात दाबतात, खऱ्या माणसाला हात लावायचा म्हटलं की अंग चोरतात. तेच तेच सांगून माझा घसा बसलाय. कुणाला काही चुकीचं तर सांगितलं नाही ना, हे घोकत झोपते.

गुरुवारी वीरधवल आणि साक्षीला शिकायला गाडीवर घेतलं होतं. पलूसजवळच्या ऊसतोडीच्या खोप्यांवरून फोन आला. हरिबा नावाचा माणूस आदल्या दिवशी ट्रॉलीवरून पडलेला. नडगीला बांबूच्या कामट्या पट्टीनं बांधलेल्या, खाली पाऊल गार, निळं.

वीरधवल म्हणाला, "मॅडम, कुणी आवळलंय एवढं? गुरं बांधल्यागत."

गाठ मी लगेच ओळखली. बाहेरच्या अंगाला, पट्टीचं टोक आत दुमडलेलं. ती मी लहानपणी तालमीच्या पायरीवर बसून तुमच्याच पायावर शिकले.

सोडायला गेले तर हरिबानं माझं मनगट धरलं. "पोरी, वस्तादांनी बांधलंय. सोडू नगंस."

"त्यांचीच मुलगी आहे मी," म्हटलं आणि सोडली. पाय सैल बांधून त्याला सांगलीच्या दवाखान्यात आणलं.

पाऊल वाचलंय. दोन बोटांचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

अब्बा, ईदला तुम्ही तापलेला तवा हातानं उचललात आणि चटका बसला नाही म्हणून हसलात. साखरेनं तुमच्या बोटांची जाण गेलीय. किती आवळलं ते हाताला कळत नाही. बांधून झालं की नख दाबून रंग परत येतो का बघायचं, हे तुम्हीच शिकवलंत. पोरांना मी ते तुमचं नाव घेऊन सांगते.

आता कुणाला बांधू नका.

मंगळवारी इथं या. पोरं बांधतील, तुम्ही खुर्चीवर बसून नुसतं बघा. माळ्यावरच्या कामट्या सगळ्या आणा, त्या इथंच ठेवू. मग दवाखान्यात हरिबाकडे जाऊ. हरिबा सगळ्यांना सांगतोय, वस्तादांनी नीट बांधलं होतं, पोरीनं सोडलं म्हणून बोटं काळी पडली. माझं तो ऐकत नाही. त्याला तुम्हीच सांगा.

तुमच्या पायावर गाठ शिकलेली,
सबीना