दोन सह्यांचा कागद

प्रिय अस्मिता,

तुझे चार मिस्ड कॉल पाहिले. मुद्दाम घेतले नाहीत. बोलले असते तर तुला शिव्या घातल्या असत्या, आणि त्या तुझ्या वाट्याच्या नाहीत. मी मरोळला घरीच आहे, रजेवर. सोमवारी तुमच्या युनिव्हर्सिटीची आणि आमच्या हॉस्पिटलची समिती बसणार आणि माझ्या वॉर्डातल्या सौरभ ब्रदरची नोकरी राहते की जाते ते ठरवणार. म्हणून लिहितेय.

तुझी कल्पना चांगलीच होती गं. इंजेक्शनआधी दोन नर्सनी पेशंटच्या मनगटावरची पट्टी वाचायची, दोघांनी सही करायची आणि कागद खाटेला लटकवायचा, नातेवाइकांनाही दिसेल असा. तू शिकवायला आलीस तेव्हा सगळ्यात पुढे बसून मीच मान डोलवत होते. आणि दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही काय केलं, सांगू? चाळीस खाटांना माणसं दोन. मग सकाळच्या चहाबरोबरच दिवसभराच्या कागदांवर दोघांच्या सह्या उरकून टाकायच्या. सौरभ नवा, तो कुरकुरला. मी म्हटलं, जास्त शहाणपणा करू नकोस, सही मार. तुझ्या अहवालात आमचा वॉर्ड पहिला आला तो असा.

त्या मंगळवारी नऊ नंबरचं इन्सुलिन दहा नंबरच्या दत्तारामकाकांना गेलं. त्यांना मधुमेह नव्हताच. तासाभरात ते घामाने निथळले, डोळे फिरले, झटके यायला लागले. डॉक्टरांनी ग्लुकोज देऊन वाचवलं, आता घरी आहेत. पण त्यांचे मुलगे आणि सोबतची दहाबारा माणसं तेवढं थांबली नाहीत. थोरल्याने खाटेचा कागद ओढून वाचला. सलाईनचा स्टँड उचलून सौरभच्या तोंडावर हाणला. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो पडल्यावर सगळ्यांनी लाथा घातल्या. "मार साल्याला! आमच्या बापाला मारायला निघाला!" एकजण बूट घालून त्याच्या बोटांवर उभा राहिला आणि टाच फिरवत राहिला. फरशीवर दात पडले होते, अस्मिता. मी औषधांच्या खोलीत शिरून आतून कडी लावली.

आता सौरभचा जबडा तारांनी बांधलाय. त्याला बोलता येत नाही आणि कागदावर त्याची सही आहे. इंजेक्शन मी दिलं, एकटीने, पट्टी न वाचता. तो तेव्हा वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ड्रेसिंग करत होता. एवढं तू ओळखलंही असशील. पुढचं कोणालाच माहीत नाही. थोरल्याने कागद माझ्या नाकासमोर धरला. त्यावर दोन नावं होती, पहिलं माझं. "यातलं कोण?" त्याने विचारलं, आणि मी बोट दाखवलं. सौरभ पाठमोरा होता. त्याला वाटतं, मी मदत आणायला धावले. काल भेटायला गेले तर त्याने डाव्या हाताने वहीत लिहून विचारलं, सिस्टर, तुम्हाला कुठे लागलं नाही ना? सोमवारी हे पत्र समितीपुढे ठेव. मैत्रीखातर एक ओळही गाळू नकोस.

तुझीच,
यव्होन