शपथेला आवाज माझा होता

आई,

रोमची माणसं दर वसंतात आपली पोरं फौजेत नेतात आणि आयांच्या हाती नुसती पत्रं येतात, हे दुःख तुझं तसंच माझंही.

मी बरा आहे. तू पाठवलेले लोकरी मोजे उबदार आहेत. तुझा गुडघा कसा आहे?

ताप्पोबद्दल विचारतेस. आई, आपला ताप्पो गेल्या महिन्यात तापाने गेला.

भरतीच्या दिवशी माझा आवाज मोठा म्हणून अख्खी शपथ मला म्हणायला लावली. बाकीच्यांनी फक्त ‘मीही’ म्हणायचं होतं. नंतर ताप्पो म्हणाला, “दादा, आपण कबूल काय केलं?”

“पंचवीस वर्षं, येड्या,” म्हणत मी हसलो. पोरगं माझ्या आवाजामागे आलं होतं.

धाकट्या हुएतोला वसंताआधी नदीपलीकडे मामाकडे पाठव.

तुझा वेल्दे