तोंडातला लसूण

प्रिय मगन,

बाईने आज अठाईचा उपास धरला. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी! या वयात, या हाडांवर? म्हणून तुला लिहितोय. आपल्या आईला आवरावं तर तूच. माझं ती कधी ऐकते?

उपास कशासाठी, तर तुझ्या तोंडातल्या लसणासाठी. आपल्या घरात कांदा-लसूण उंबरा ओलांडत नाही, आणि तिचा पोरगा मरताना लसूण चाखून गेला, हेच डोक्यात घेऊन बसलीय.

आतड्याला पीळ पडला, दोन दिवस तू ओकत होतास. तळोद्याहून मोटारीने नंदुरबार, तिथून रेल्वेने सुरत. बाईला सोडून तू ऑपरेशनच्या खोलीत जाईनास, म्हणून तिला उशाशी उभं राहू दिलं. डॉक्टर लढाईवरून आलेले, भुलीचं औषध नवं. म्हणाले, शिरेतून दिलं की मिनिटाच्या आत झोप. मग ते मेंदूतून निघून अंगभर पांगतं आणि माणूस आपोआप जागा होतो. केवढं बरं वाटलं होतं मला!

सुई टोचली आणि तू म्हणालास, "बाई, मन्हा तोंडमा लसून लागी ऱ्हायना."

ती घाबरून म्हणाली, "थुकी टाक."

तू थुंकला नाहीस. नंतर श्वासही घेतला नाहीस. डॉक्टरांनी खूप खटपट केली रे. ओकून ओकून अंगातलं पाणी आटलेलं, म्हणून नेहमीचाच डोस तुला जड गेला म्हणे. आणि या औषधाला उतारा नाही. मी दाराशी नुसता उभा!

लसणाचंही त्यांनी सांगितलं. औषधात गंधक असतं, रक्तात गेलं की जिभेवर तशी चव येते. बाईला हे शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आज शेवटी चिडलो. लसूण नव्हताच, तर प्रायश्चित्त कसलं, म्हणालो. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "जलमभर आयकं त्यानी मन्हं. तवयच नही आयकं."

तू थुंक म्हणालीस तोवर त्याला झोप लागली होती गं, म्हणालो. तिने मान हलवली, पण पटलं नाही. तू असतास तर काय बोलला असतास?

मगन, लसणावरून आता तिच्याशी भांडणार नाही. पाणी मीच उकळून, गार करून देईन. आणि यापुढे तिने काही सांगितलं, की दुकानात हातातला तराजू टाकून उठेन, गिऱ्हाईक उभं राहिलं तरी. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

तुझा मोठा भाऊ,
बन्सी