बॉनेटची कोर

इंदूर, मंगळवार, संध्याकाळ

उस्तादांच्या गॅरेजात काम शिकतोय. दिवसभर गाड्यांवर पॉलिशचं मशीन फिरवतो, पण आज घोळ झाला.

डॉक्टरसाहेबांच्या लाल गाडीच्या बॉनेटची कोर जाळली मी. कोरेवर रंग पातळ असतो, मशीन फिरवायच्या आधी तिथे टेप चिकटवायची, हे उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. आज कंटाळा केला. नखाएवढा रंग उडाला, खालचा करडा प्रायमर दिसायला लागला.

"क्यों भिया, टेप लगाया था?" उस्तादांनी विचारलं.

"लगाया था, निकल गया."

का बोललो असं? काढून टाकतील म्हणून. घरी जळगावला मिल बंद झाल्यापासून बाबा ओट्यावर बसून आहेत. मीपण जाऊन शेजारी बसू का?

उस्तादांना खरंच वाटलं. उरलेली टेप घेऊन, मला स्कूटरवर बसवून थेट टेप घेतली त्या दुकानावर गेले. "नकली माल देते हो?" म्हणून म्हाताऱ्या शेठजींवर ओरडले. शेठजी बिचारे टेप पुन्हा पुन्हा काउंटरला चिकटवून, ओढून बघत होते. निघतच नव्हती. मला ते बघवेना.

"उस्ताद, मैंने टेप लगाया ही नहीं था."

उस्तादांनी शेठजींना हात जोडले, आणखी दोन रोल घेतले. गॅरेजात परतलो. तो नखाएवढा डाग तसाच होता. मीच विचारलं, "कल आऊं?"

"आठ बजे. कोना मैं रंग दूंगा. डॉक्टर साहब को तू बताएगा."

कसं सांगू, तेच जुळवत बसलोय.