कपाटातले नवेकोरे मीटर

सर,

गेल्या महिन्यात कॉलेजने पहिल्या वर्षाच्या इलेक्ट्रिकल लॅबला तुमचं नाव दिलं. दारावर पितळी पाटी, आत हार घातलेला तुमचा फोटो, बाहेर व्हरांड्यात समोसे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही, त्यामुळे सगळेच तुमच्याबद्दल फार चांगलं बोलत होते. तुमची विद्यार्थिनी आणि आता त्याच लॅबची इनचार्ज म्हणून मलाही दोन मिनिटं दिली होती. त्यात मावलं नाही ते इथे लिहितेय. तुम्ही शिकवत नव्हता, सर. मुद्दा एवढाच आहे, बाकी तपशील.

तपशील मला पक्का आठवतो. मुलुंडच्या त्या लॅबमध्ये आम्ही सगळे टेबलाभोवती उभे, बालवाडीतल्यासारखे हात मागे बांधून. मध्ये तुम्ही, आमच्याकडे पाठ करून जोडणी करताय. फिकट निळा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वर्षभरात आमचं काही तोंडपाठ झालं असेल तर ती तुमची पाठ. "दिसलं सगळ्यांना?" असं विचारून उत्तर यायच्या आत तुम्ही वायरी काढून ठेवायचात. कुणी हात पुढे केला की म्हणायचात, "आधी थिअरी पक्की करा. हात लावायला आयुष्य पडलंय." मग आम्ही सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायचो आणि तुम्ही चहा पिता पिता सह्या करायचात. एकाने एकदा मागच्या वर्षीची तारीखसुद्धा उतरवली होती. तुम्ही तिच्याखालीही सही केलीत. आणि लोक तुम्हाला शिस्तीचे म्हणायचे.

माझ्या शेजारी उभी राहायची ती दहिसरची मुलगी तुम्हाला आठवणार नाही. मराठी शाळेतून आलेली, वडील रिक्षा चालवायचे. आमच्या बॅचमध्ये खरं कुतूहल कुणाला असेल तर तिला. एकदा तिने धीर करून विचारलं, "सर, मी एकदा मीटर धरून बघू?" तुम्ही म्हणालात, "धरून बघायला ते बाळ आहे का?" वर्ग हसला. तिने पुन्हा विचारलं नाही. वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या हातात मल्टिमीटर दिला आणि सॉकेटमधलं व्होल्टेज मोजायला सांगितलं. मीटर पहिल्यांदाच तिच्या हातात येत होता. तिने लाल वायर व्होल्टेजऐवजी करंट मोजायच्या भोकात खुपसली आणि टोकं सॉकेटला लावली. फाट्‌कन ठिणगी उडाली, मीटर गेला. ती भिंतीला चिकटून उभी. परीक्षकांनी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी दहादा करून दाखवलंय. काही मुलांचा पिंडच नसतो हा." खोटं नव्हतं ते. दाखवलं होतंतच. ती नापास झाली. सुट्टीत मी तिच्या घरी गेले तर म्हणाली, "सर बरोबर बोलले गं. माझा पिंड नाय तो." पुढे तिने कॉमर्स घेतलं. आता विम्याच्या ऑफिसात आहे, बरी आहे. घरातला बल्ब गेला तरी इलेक्ट्रिशियनला बोलावते.

तुमच्यानंतर काही वर्षांनी मी तिथेच शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात तुमचं लोखंडी कपाट उघडलं. आत मल्टिमीटर ओळीने मांडलेले, प्रत्येक आपापल्या खोक्यात, स्क्रीनवरचं प्लास्टिकही न काढलेलं. मागचं झाकण उघडलं तर बॅटऱ्या फुटून हिरवट-पांढरी भुकटी झालेली, तिने आतले पत्रे खाऊन टाकलेले. एकही चालला नाही. आमच्यापासून तुम्ही ज्यांना वाचवलंत ते असे मेले. मला वाईट वाटलं नाही, शिसारी आली. माणूस आळशी असतो हे मी समजू शकते, दुष्ट असतो हेही समजू शकते. तुम्ही धड त्यातलं काहीच नव्हता. तुम्हाला वस्तू नव्या राहायला हव्या होत्या, आणि मुलं म्हणजे त्या वस्तूंना होणारा उपद्रव.

आता शनिवारी दुपारी लॅब उघडी असते. पहिल्या वर्षाच्या कुणीही यावं, काहीही उघडावं. इंग्रजीत विचारायची भीती वाटते ते मराठीत विचारतात, हिंदीत विचारतात. "मॅडम, उडाला." "काय उडालं?" "फ्यूज." "मग बदल ना. ड्रॉवरमध्ये आहेत." एवढं सोपं होतं ते, सर. एक ड्रॉवर आणि त्यात थोडे फ्यूज. कॉलेजही तुमच्याच जातकुळीचं आहे म्हणा. या मुलांचे फोटो काढून गेटवर 'कृतीतून शिक्षण' असा बॅनर लावतं आणि सोल्डरिंगच्या तारेसाठी मला अर्जावर अर्ज करायला लावतं. तुमची पाटी मात्र आठवड्यात आली.

तर त्या दिवशी माईकवर मी म्हणाले, "सरांनी उपकरणं इतकी जपली, की त्यातल्या बहुतेकांना कधी कुणाचा हातच लागला नाही." टाळ्या पडल्या. प्राचार्य मान डोलावत होते. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या, तुमच्या पत्नी. फक्त त्यांनी टाळी वाजवली नाही. मी खाली उतरले तशी त्यांनी माझा हात धरून मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"घरीपण तसंच होतं गं," काकू म्हणाल्या. "मिक्सर आणला तो शोकेसमध्ये ठेवला. शॉक बसेल म्हणायचे. मी आपली पाट्यावर चटणी वाटतेय. ते गेल्यावर पहिल्यांदा लावला." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "आता तो बंद पडलाय. दुकानवाला म्हणतो, फेकून द्या. तुझी मुलं बघतील का?"

"मुलं नाही, तुम्हीच बघाल," मी म्हटलं. "शनिवारी घेऊन या."

आज त्या आल्या, कापडी पिशवीत मिक्सर घेऊन. कांजूरमार्गची एक मुलगी आहे, जूनमध्ये तिला स्क्रूड्रायव्हर कुठून धरायचा ते कळत नव्हतं. ती त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली. "आजी, प्लग काढलेला आहे ना? मग आता तुम्हीच उघडा. मी टॉर्च धरते." काकूंच्या हाताला कंप आहे, स्क्रू दोनदा खाली पडला. कुणी घाई केली नाही. आत मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजलेले निघाले. मुलीने रस्त्यापलीकडच्या दुकानातून नवे आणले, काकूंनी बसवले. बटण फिरवल्यावर मिक्सर घरघरला तशा त्या दचकून मागे सरल्या. मग पुढे येऊन त्यांनी तो बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. काही दळायचं नव्हतं. उगाचच.

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसताना त्यांनी विचारलं, "यांना आवडलं असतं का गं?" मी म्हटलं, "आवडलं असतं की." म्हाताऱ्या बाईला दुसरं काय सांगणार. आता हा कागद फाडून टाकणार आहे, म्हणून इथे खरं लिहिते. मिक्सर चालू झाला तेव्हा मलाही वाटलं होतं की तुम्ही तिथे असायला हवं होतं. चांगल्या मनाने नाही वाटलं, सर. मला तुमचा उतरलेला चेहरा बघायचा होता.