सावडीतली फौज

५ ऑक्टोबर, रविवार

आमच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचं नवं एक्सपान्शन एकदाचं उतरलं. तीन दिवस लागले. आदिलाबादजवळच्या या मावला गावचं नेट म्हणजे... जाऊ दे. दुपारी दोनला लहानपणच्या दोस्ताले, दिलीपले, फोन केला. तो तिकडं भीमपूरले, मी इथं, दोघांच्या कानाले हेडफोन, केलं सुरू.

नवा ग्रह सारा राखेचा. सूर्य नाही. जमीन खोदा, धातू काढा, भट्ट्या बांधा, फौज उभी करा. आणि हे सारं चालू असताना जमिनीखालून किडे निघतात, कोण्याही बाजूनं. घड्याळ कोणासाठी थांबत नाही. हुकूम द्यायले उशीर केला की मेला.

मेलो. दोनदा.

दोन्ही वेळा माझ्याच बाजूनं तटबंदी फुटली. किडे येऊन राह्यले हे दिसत होतं. तोफा वळवायच्या हे कळत होतं. बोटच जाईना. डोकं म्हणे दाब, बोट म्हणे थांब जरा.

शेवटी पाटी येते, मिनिटाले किती हुकूम दिले त्याची. दिलीप १३२. मी ५८. जुन्या खेळात मी त्याच्या कितीतरी पुढं असायचो.

‘‘अबे, शाळामास्तर मी, आन पेन्शन तुले लागली काय?’’ हसला. मीही हसलो. मनातून भेव वाटलं, खोटं काऊन लिहू.

८ ऑक्टोबर, बुधवार

लॅब सकाळी सातला. उपाशीपोटी आलेल्यांची रांग. एका माणसाची शीर कोणालेच सापडेना, लॅबातल्या दोन्ही पोरी टोचून थकल्या. मग नेहमीसारखं मले बोलावलं. एका टोच्यात काढलं. ‘‘नी चेय्यि मंचिदि, अन्ना,’’ म्हणाला. हात चांगला म्हणे माझा. बावीस वर्षं हेच ऐकून राह्यलो, तेलुगूत, हिंदीत, मराठीत. या गावात माझी ओळख तेवढीच.

पण रिकामा बसलो की उजवा अंगठा आपोआप हलतो. तंबाखू मळल्यासारखा. आज खिशात घालून बसलो.

सुनंदानं ही वही पाह्यली. बायको असून वाचत नाही, नुसती नजर टाकते. ‘‘अक्षर किती बारीक काढून राह्यले तुमी? मुंग्या चालल्यासारख्या.’’ मागची पानं उलटून पाह्यली. खरंच. जूनपासून बारीक होत गेलं.

नागपूरच्या नसांच्या डॉक्टरकडं नंबर लावला. २१ तारीख. कोणाले सांगितलं नाही. हात गेला तर सुई गेली. सुई गेली तर मी काय करू? दुसरं येते काय मले?

१२ ऑक्टोबर, रविवार

एक्सपान्शनमध्ये नवी सोय निघाली: दोघांनी मिळून एकच फौज चालवायची. दिलीपनंच शोधली. ‘‘सावड करू ना बे,’’ म्हणाला.

सावडच ती. तलमडुगूले, आमच्या गावी, दोघांच्या बापांनी आयुष्यभर तेच केलं. एक बैल याचा, एक बैल त्याचा, आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. जोडी कोणाचीच नाही, नांगरणी-वाही मात्र दोघांचीही व्हायची.

वाटणी अशी: खाण, भट्ट्या, कारखाना माझ्याकडं. लढाई त्याच्याकडं. माझं काम सोपं ठेवलं त्यानं. बोललो नाही काही.

पहिलं मिशन जिंकलो! पाटीवर आता दोघांचा मिळून एकच आकडा येतो. बरं झालं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी एक तास मिळाला. दुसरंही मिशन जिंकलो. आता तर मजा येऊन राह्यली. भट्टी बांधायची मनात आणावी तर ती उभी! कधी दाबलं तेही आठवत नाही. दिलीप म्हणाला, ‘‘हात सुटला तुया.’’

सुटला. आठवडाभर उगाच जीव टांगणीले लावला होता. झोप कमी, चहा जास्त, दुसरं काय!

१९ ऑक्टोबर, रविवार

तिसरं, चौथं. दोन्ही एका बैठकीत. चौथ्यात दोन बाजूंनी किडे आले, तरी माझा कारखाना एक क्षण थांबला नाही. ज्याचा हात बिघडला त्याच्यानं हे होते काय? तूच सांग.

नागपूरले फोन करून २१ चा नंबर काढून टाकला.

लॅबच्या मॅडमले म्हणणार होतो की काही दिवस रक्त काढायचं दुसऱ्याले द्या. आता नाही म्हणत. काय गरज?

अंगठा हलतोच. हलू दे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

वाईट झालं.

गिरजाबाई, तलमडुगूच्या अलीकडची. साठीची असेल. कापूस वेचायले जाते. चक्कर येते म्हणून डॉक्टरनं रक्त तपासायले पाठवलं होतं. हातावर नुसती कातडी आणि हाड. शीर बोटाखालून पळे. पहिला टोचा फुकट गेला. दुसऱ्यात सुई आत होती आणि अंगठा उडाला. माझा.

‘‘व माय! करंट लागला!’’ किंचाळली. खांद्यापासून बोटापर्यंत झणका गेला तिच्या.

असं झालं म्हणजे सुई मज्जातंतूले लागली, लगेच बाहेर काढायची. नव्या पोरींना हे पहिल्या दिवशी मीच शिकवतो. मी काढली नाही. रांग पाहत होती, पोरी पाहत होत्या. तशीच जराशी फिरवली, शीर लागली, नळी भरली.

जाताना तीच म्हणते, ‘‘तुया हात हलका आहे म्हणते सारे. माहीच शीर चोरटी.’’

जेवलो नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

खेळलो. काऊन खेळलो माहीत नाही. सहावं मिशन: वसाहतीतली माणसं जहाजात भरून ग्रहावरून काढायची. जहाजं पाच, माणसं त्याहून जास्त. शेवटच्या जहाजाचं दार बंद झालं तेव्हा बाहेर उभी असलेली बारकी बारकी माणसं तशीच उभी राह्यली. खेळात त्यांना पळायचा हुकूमच देता येत नाही. तरी पाटीवर लिहून आलं: विजय.

दिलीप खुश. ‘‘काय चालवतो बे तू कारखाना!’’

मी म्हटलं डोकं दुखून राह्यलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गिरजाबाई आली. अंगठा आणि जवळची दोन बोटं बधिर. बोंडातला कापूस चिमटीत धरते, पण धरला की नाही ते तिले कळत नाही. सुटून पडते. ‘‘मुकादमीण म्हणते, डोळे गेले काय तुये? डोळे नाही ना गेले, भाऊ. बोटं झोपले.’’

मॅडमनं विचारलं, कोणी काढलं होतं? ‘‘मैंने. सब नॉर्मल था,’’ म्हणालो. तोंडातून असं निघालं की जसं काही खरंच आहे. मग गिरजाबाईले सांगितलं, शीर फुगली असेल, शेका, जाईल.

ती मान हलवून गेली. मी सांगतो म्हणजे खरंच असेल.

लाज वाटते का मले? वाटते. पण बोललो का? नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सातवं मिशन आज हरलो. दिलीपकडं पाहुणे आले, तो मधातच पंधरा मिनिटं उठून गेला. तो गेला आणि कारखाना बंद पडला. माझा कारखाना! भट्टी दाबतो तर खाण दाबल्या जाते, खाण दाबतो तर काहीच नाही. तो परत येईपर्यंत सारं संपलं होतं.

कुठं चुकलं पाहावं म्हणून रेकॉर्डिंग लावलं. जुनी मिशनंही त्यात असतात. त्यात दोघांचे बाण वेगवेगळ्या रंगाचे दिसतात. माझा हिरवा, त्याचा पिवळा. हे मले माहीतच नव्हतं.

हिरवा बाण भट्टीच्या जागेवर येते. थरथरते. बाजूले जाते. परत येते. तेवढ्यात लढाईच्या मधातून पिवळा धावत येते, भट्टी बांधते, पळून जाते. हिरवा तिथंच हलत राह्यतो.

पहिलं मिशन पाह्यलं. तेच. चौथं. तेच. पहिल्या दिवसापासून तेच.

आतल्या पानावर दोघांचे आकडे वेगवेगळे असतात, तेही सापडले. त्याचे १७४. माझे ३१.

फोन केला. ‘‘काऊन नाही सांगितलं बे?’’

म्हणाला, ‘‘सावडीत दुसऱ्याच्या बैलाले लंगडा म्हणते काय कोणी?’’

‘‘दिलीप!’’

‘‘तुया बैल पाय ओढत होता त्या साली माया बापानं काय केलं? जुवाची दोरी आपल्या बैलाकडं सरकवली, ओझं इकडं घेतलं. तुया बापाले सांगितलं काय? माणसाचं मन मोडते. मले वाटलं, जिंकून राह्यला तर खुश राहशीन.’’

‘‘तुले कधीपासून माहीत?’’

‘‘पहिल्याच दिवशी. अठ्ठावन्न पाह्यले तवा.’’

लय बोललो त्याले. नको ते बोललो. शेवटी म्हटलं की तुयामुळं एका बाईचा हात गेला. तो काही समजला नाही. कसा समजेल, त्याले ते सांगितलंच कुठं होतं मी.

१० नोव्हेंबर, सोमवार

राग उतरला. उतरला म्हणजे, जागेवर आला.

दिलीपनं खेळात झाकलं. मायेपोटी झाकलं, आपल्याकडं तशीच रीत आहे. पण नागपूरचा नंबर मी काढला. जिंकल्याची पाटी पाहून हात बरा आहे असं मीच ठरवलं. करंट लागला ते मी ऐकलं. सुई माझ्या हातात होती. दिलीप तिथं होता काय?

सकाळी सातलाच मॅडमले सांगितलं. सारं. अंगठ्यापासून.

ऐकून म्हणाल्या: ‘‘कल से काउंटर पे बैठो. इलाज कराओ.’’ आणि मी निघालो तर मागून, ‘‘उस औरत को कुछ मत बोलना. केस हो जाएगा.’’

बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून दिवस काढला. पोरींनी एकदा बोलावलं, अन्ना, शीर सापडत नाही. मॅडम म्हणाल्या, नाही, तुम्हीच पाहा. सारे माझ्याकडं पाहत होते.

सुनंदाले घरी सांगितलं. नागपूरले आधी नंबर लावला होता आणि काढला, हेही. रडली नाही. म्हणाली, ‘‘कामावर, मंडळ ऑफिसात, मी रोज लोकांचे अर्ज दाबून ठेवलेले पाहते. तुमी घरात दाबून ठेवला?’’ मग जेवायले वाढलं.

दिलीपले निरोप टाकला. सारं लिहून. तासाभरानं उत्तर: ‘‘चुकलं माह्यं.’’ तुयं नाही बे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नागपूरचा नंबर लागला. १८, मंगळवार.

संध्याकाळी एकट्यानं पहिलं मिशन लावून पाह्यलं. सावड नाही, मदत नाही. खेळ सर्वात हळू ठेवला. सहा मिनिटांत संपलो. हुकूम २७. तो आकडा पाहून बरं वाटलं, निदान माझा होता.

सातवीतल्या पोराले जमते ते मले जमत नाही. मन खातं ते त्याच्यासाठी नाही पण. गिरजाबाईसाठी खातं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोनला दिलीपचा फोन. ‘‘आज तू तुयी फौज चालव, मी माही. हरलो तर हरलो.’’ आज नाही म्हटलं. कुठं चाललो ते सांगितलं. ‘‘येऊ काय संग?’’ नको म्हटलं.

तलमडुगूच्या अलीकडचं वावर, रस्त्यालेच लागून. बाया ओळीनं वेचत होत्या. गिरजाबाई बांधावर पाणी पीत बसली होती. मले पाह्यलं आणि तिनं डाव्या हाताची बाही वर केली.

‘‘आला काय भाऊ? घे, या हाताचं घे. पण हळू टोच हं.’’

तिले वाटलं, परत रक्त न्यायले आलो. सुई नाही, पिशवी नाही, तरी.

गाडीवर घोकलेलं सारं विसरलो. जसं आलं तसं सांगितलं. माझा हात किती दिवसांपासून बिघडला आहे. मी दाखवायले गेलो नाही. ती ओरडली तेव्हा सुई काढायची असते, मी काढली नाही. नंतर शेकायले सांगितलं तेही खोटं.

तिनं बाही हळूहळू खाली केली.

‘‘मंग हे बोटं येतीन काय परत?’’

‘‘माहीत नाही, मावशी. पुष्कळांचे येतात. वेळ लागते.’’

‘‘आन तुया हात?’’

‘‘तेही माहीत नाही.’’

मंगळवारी मी नागपूरले चाललो, माझ्यासंग चला, त्याच डॉक्टरले दाखवू, असं म्हटलं. सहाची बस, आदिलाबादच्या स्टँडवरून. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

‘‘म्या वरडली तवाच काढाची होती ना रे,’’ एवढंच बोलली.

मग उठली, ओटी बांधली, आपल्या ओळीत गेली. बाकीच्या बाया लय पुढं निघून गेल्या होत्या. ही डाव्या हातानं वेचून राह्यली होती. एक बोंड, थांबून, दुसरं बोंड.